कोल्हापूरचे आद्य मिशनरी शिक्षक : रेव्ह. रॉयल गूल्ड वायल्डर (१८१६–१८८७)

कोल्हापूर शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च हे नाव नाताळच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून दरवर्षी वाचावयास मिळते. तथापि ज्यांच्या स्मरणार्थ हे नाव देण्यात आले, त्या धर्मसेवकाचे चरित्र आपल्या कॅथलिक वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. शहरात व जिल्ह्यात आपले कॅथलिक बांधव या मंडळींच्या शेजारीच राहतात; त्यांच्या शाळांत आपली मुले शिकली आहेत आणि मिरजेच्या त्यांच्या रुग्णालयात आपले रुग्ण बरे झाले आहेत. या सर्व कार्याचा उगम ज्या एका दांपत्याच्या परिश्रमांत आहे, त्याची माहिती येथे संक्षेपाने देत आहोत.

पंथाविषयी थोडेसे

आपल्याकडे प्रोटेस्टंट पाळक म्हटला की सरसकट मेथडिस्ट किंवा ‘मिशनवाले’ असे म्हणण्याची सवय आहे. वायल्डर मेथडिस्ट नव्हते. ते प्रथम ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेच्या वतीने भारतात आले. ही संस्था मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळ्यांची होती, परंतु त्या काळी प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचाही तिच्यात सहभाग होता. पुढे १८७० मध्ये वायल्डर यांचे कोल्हापूरचे कार्य अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशन मंडळाने स्वीकारले आणि तेव्हापासून कोल्हापूर परिसरातील प्रोटेस्टंट मंडळ्यांना प्रेस्बिटेरियन परंपरा लाभली. १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाची आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही या परंपरेची पुढील पावले होत. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र १९७० च्या ऐक्यात सामील झाली नाही. मुंबईत ज्यांच्या नावाने बोवेन मेमोरियल चर्च उभे आहे, ते रेव्ह. जॉर्ज बोवेन (१८१६–१८८८) हे त्या मंडळीचे नामवंत सेवक. बोवेन व वायल्डर हे दोघेही अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात एकाच वर्षी जन्मले आणि दोघांनीही आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे महाराष्ट्राला दिली, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

जन्म, शिक्षण व भारतात आगमन

रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म १८१६ मध्ये व्हरमाँटमधील ब्रिडपोर्ट या गावी झाला. १८३९ मध्ये मिडलबरी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि त्यानंतर अँडोव्हर येथील धर्मविद्यालयात शिक्षण पूर्ण केले. धर्मसेवक होण्यापूर्वीचा हा शिक्षकी अनुभव त्यांच्या पुढील सर्व कार्याची गुरुकिल्ली ठरला. १८४६ मध्ये पत्नी एलायझा यांच्यासह ते भारतात आले आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे रुजू झाले.

अहमदनगर हे त्या वेळी अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तेथूनच १८४२ मध्ये सुरू झाले होते. मिस सिंथिया फरार या तेथे मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्यांचे कार्य पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. अशा वातावरणात वायल्डर यांनी सहा वर्षे शैक्षणिक कार्य केले व मराठी भाषा आत्मसात केली.

कोल्हापुरात प्रवेश

१८५२ मध्ये वायल्डर दांपत्य कोल्हापुरास आले. देशातील पहिली प्रवासी आगगाडी मुंबई–ठाणे मार्गावर धावण्यास अद्याप एक वर्ष अवकाश होता. कोल्हापुरास तर रेल्वे पोहोचली ती १८९१ मध्ये. संस्थानातील वातावरणही शांत नव्हते. १८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला होता व तो मोडून काढल्यावर इंग्रजांनी कारभाराची सूत्रे आपल्या हाती घेतली होती. अंबाबाईच्या या क्षेत्री परदेशी धर्मोपदेशकाचे आगमन लोकांना संशयास्पद वाटावे, हे स्वाभाविकच होते. गोरा माणूस म्हणजे सरकारचा माणूस, असाच सर्वसाधारण समज होता. ज्या राजसत्तेविषयी लोकांच्या मनात रोष होता, तिच्याच छत्राखाली मिशनऱ्यांना वावर करावा लागत होता, ही अडचण आज आपणही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

वायल्डर यांनी त्यावर काढलेला मार्ग म्हणजे शाळा. उपदेशासाठी गावोगाव फिरणे चालूच होते. पण एखादा मनुष्य आपल्या मुलांना अक्षरओळख करून देतो, त्यांच्या प्रगतीची काळजी वाहतो, हे दिसले की गावाचे दार हळूहळू उघडते, असा त्यांचा अनुभव होता. एलायझा वायल्डर याही या कार्यात सहभागी होत्या.

शाळा की उपदेश?

वायल्डर यांच्या जीवनातील खरी कसोटी परक्यांकडून आली नाही, ती त्यांच्याच संस्थेकडून आली. अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन हे १८५४–५५ मध्ये आपल्या एका सहकाऱ्यासह भारतातील कार्याची पाहणी करण्यासाठी आले. मिशनचा पैसा व मनुष्यबळ प्रामुख्याने उपदेश, स्थानिक मंडळ्यांची उभारणी आणि स्थानिक पाळकांची नेमणूक यांसाठी वापरावे. विशेषतः इंग्रजी शाळांवरील खर्च आटोक्यात आणावा, असे त्यांचे धोरण होते.

अँडरसन यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. स्थानिक मंडळी स्वतःचा खर्च स्वतः करणारी, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी आणि स्वतःच सुवार्ता सांगणारी असावी, हे त्यांचे सूत्र पुढे जगभर मान्यता पावले. इंग्रजी शिकलेली मुले सरकारी नोकरीकडे वळतात, मंडळीकडे नव्हे, हे त्यांचे निरीक्षणही खोटे नव्हते.

वायल्डर यांचे मत मात्र वेगळे होते. जेथे समाजातील बहुसंख्य लोकांना वाचता येत नाही, तेथे शाळा बंद करणे म्हणजे शेत नांगरल्यावाचून पेरणी करण्यासारखे आहे, असा त्यांच्या भूमिकेचा मथितार्थ सांगता येईल. शाळेत येणारे सर्व विद्यार्थी ख्रिस्ती होतील, अशी अट त्यांनी शिक्षणाला घातली नाही. मतभेद वाढत गेले. १८५७ मध्ये वायल्डर अमेरिकेस परतले आणि पुढे संस्थेने त्यांच्याशी असलेला संबंध संपुष्टात आणला. आपली बाजू मांडण्यासाठी त्यांनी भारतातील मिशन शाळांविषयी १८६१ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

अशा वेळी मायदेशी राहून एखाद्या मंडळीचे पाळकपद स्वीकारणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. १८६१ मध्ये, पाठीशी कोणतीही संस्था नसताना, ते पुन्हा कोल्हापुरास आले आणि मित्रांच्या व हितचिंतकांच्या देणग्यांवर त्यांनी कार्य पुढे चालविले. जवळजवळ दहा वर्षे हा क्रम चालला. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळाने कार्य स्वीकारले, तेव्हा कोठे त्यांना संस्थेचा आधार मिळाला.

कार्याचा आवाका

वायल्डर यांच्या निधनानंतर अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चरित्रकोशात त्यांच्या सुमारे तीस वर्षांच्या सेवेचा हिशेब दिलेला आहे. त्यानुसार त्यांनी तीन हजारांहून अधिक शहरांत व खेड्यांत उपदेश केला, तीस लाखांहून अधिक पृष्ठांचे वाङ्मय वाटले आणि ३,३०० विद्यार्थ्यांना शाळेत आणले. त्यांपैकी ३०० मुली होत्या. अकरा विद्यार्थ्यांमागे एक मुलगी, हे प्रमाण आज अल्प वाटेल. परंतु मुलीने अक्षर गिरविले तर घरावर संकट येते, असे मानणाऱ्या काळात तीनशे घरांनी आपली कन्या शाळेत पाठविली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते.

मराठी भाषेचीही त्यांनी सेवा केली. मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतर व संशोधनाच्या कामात त्यांचा सहभाग होता. तीन शुभवर्तमानांवर त्यांनी मराठीत भाष्ये लिहिली, तसेच अनेक पुस्तकांचे भाषांतर व संपादन केले.

बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या मात्र त्यांच्या काळात थोडीच राहिली. केवळ त्या संख्येवरून कार्य मोजावयाचे झाल्यास वायल्डर अयशस्वी ठरले, असेच म्हणावे लागेल. परंतु त्यांनी घातलेल्या पायावर पुढे कोल्हापूर, पन्हाळा, कोडोली, सांगली व मिरज येथे कार्य उभे राहिले. याच मिशनमध्ये १८८९ मध्ये डॉ. विल्यम वानलेस आले. त्यांनी मिरजेत १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाने महाराष्ट्र व कर्नाटकातील असंख्य रुग्णांना जीवदान दिले. कोल्हापुरातील एस्तेर पॅटन हायस्कूल हेही त्याच परंपरेची आठवण देते.

संस्थानातील शिक्षणाच्या इतिहासाशीही हा धागा जुळतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून विद्यार्थी वसतिगृहांना चालना दिली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. हे श्रेय सर्वस्वी महाराजांचे आहे. तथापि शिक्षण सर्वांसाठी असावे, हा विचार त्यापूर्वी अर्धशतक या शहराच्या कानी घालणाऱ्यांमध्ये वायल्डर होते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

अखेरची वर्षे व कुटुंब

प्रकृती खालावल्यामुळे १८७० च्या दशकाच्या मध्यास वायल्डर सहकुटुंब अमेरिकेस परतले व प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले आणि अखेरपर्यंत त्याचे संपादन केले. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात ते नियतकालिक नव्या रूपात १९३९ पर्यंत चालू होते.

त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. प्रिन्स्टनच्या घरी रॉबर्ट व त्यांची बहीण ग्रेस विद्यार्थ्यांसमवेत प्रार्थना करीत. १८८६ मध्ये माउंट हर्मन येथील शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनकार्याची तयारी दर्शविली, त्यामागे रॉबर्ट यांची प्रेरणा होती. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीतून पुढील काही दशकांत वीस हजारांहून अधिक तरुण जगभर सेवेसाठी गेले. एलायझा व ग्रेस या मायलेकी मात्र १८८७ मध्येच पुन्हा भारतात आल्या आणि कोल्हापूरच्या मिशन क्षेत्रात सेवा करू लागल्या. पतीच्या निधनानंतर उतारवयात एलायझाबाईंनी मायदेशाची सोय सोडून परत येणे पसंत केले, यातच या भूमीशी त्या कुटुंबाचे जडलेले नाते दिसते.

आपल्यासाठी बोध

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या दस्तऐवजात, विभक्त बंधूंच्या जीवनात दिसणाऱ्या ख्रिस्ताच्या देणग्या आनंदाने ओळखाव्यात व मान्य कराव्यात, असे कॅथलिकांना सांगितले. वायल्डर यांचे जीवन ही तशीच एक देणगी होय. त्यांच्या काळी कॅथलिक व प्रोटेस्टंट एकमेकांकडे संशयाने पाहत. आज १८ ते २५ जानेवारी या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात आपण एकत्र प्रार्थना करतो.

परंतु या चरित्रातील प्रश्न केवळ ऐक्याचा नाही. शाळा, वसतिगृहे व दवाखाने आपल्याही धर्मप्रांतात आहेत. त्यांतून किती जण मंडळीत आले, असे काही जण विचारतात. ख्रिस्तसभेबाहेरील मुलांवर एवढा खर्च कशासाठी, असेही क्वचित ऐकू येते. आणि दुसऱ्या टोकाला, प्रवेश शुल्क भरू शकणाऱ्यांसाठीच शाळा चालविण्याचा मोह संस्थांना होतो. वायल्डर यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या संस्थेचा आधार गमावून दिले. शिकविणे हीच सेवा, तिचा मोबदला बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शोधावयाचा नाही, ही त्यांची श्रद्धा होती. कोल्हापुरातील आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या त्या मंदिराशेजारून जाताना धर्मग्रामस्थांनी या सेवकासाठी कृतज्ञतेची एक प्रार्थना अवश्य करावी.