लिलीपाँड आणि सुरांची अक्षरजुळणी

संगणकाला सूर मजकुरातून कळवणे तसे सोपे होते. त्या मजकुरातून वादकाच्या डोळ्याला न खुपणारे पान काढणे हे खरे कठीण काम होते. भातखंडे पद्धतीत सा, रे, ग ही अक्षरेच स्वर होतात. मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू, अशी थोडी जादा चिन्हे हाताशी असली की पुस्तक देवनागरी खिळ्यांनी जुळवता येते. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनला ही सोय नाही. तिथे स्वराची उंची पाच रेषांमधल्या जागेवरून आणि त्याचा काळ चिन्हाच्या आकारावरून ठरतो, आणि बरेच काही एकाच वेळी वर-खाली घडत असते.

म्हणूनच या छपाईचा इतिहास खटाटोपाचा आहे. व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने १५०१ मध्ये सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी संगीताचे पुस्तक काढले, पण त्यासाठी एकच कागद अनेकदा छापावा लागे. पुढे कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर उलट्या प्रतिमेत रेषा ओढायच्या आणि पोलादी ठशांनी चिन्हे ठोकायची, ही रीत रूढ झाली. दोन स्वरांमध्ये किती जागा सोडायची हे कारागिराची नजर ठरवी. ते कसब अंगी यायला वर्षे लागत, आणि त्याचा मोठा भाग कुठे लिहिलेलाही नव्हता.

१९६०च्या दशकात स्टीफन बाउअर-मेंगेलबर्ग यांच्या पुढाकाराने अमेरिकेत ‘डार्म्स’ ही सांकेतिक भाषा आकाराला आली. तीत रेषांवरची जागा आकड्याने सांगायची आणि सगळे पंचकार्डावर उतरवायचे. स्टॅनफर्डच्या लेलँड स्मिथ यांनी ‘स्कोअर’ प्रणाली रचली. त्यांच्या पद्धतीत आधी स्वर, मग लय, मग खुणा असे थर एकामागून एक टाइप करावे लागत. छपाई उत्तम निघे.

डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीने वेगळी वाट उघडली. १९८७ मध्ये बॉन येथे आंद्रेआ स्टाइनबाख आणि अँगेलिका शोफर यांनी तिच्यावर संगीतासाठी ‘म्यूटेक’ बांधले. फ्रान्सच्या दानिएल तोपँ यांचे ‘म्युझिकटेक’ आणि त्यातून निघालेले ‘म्युझिक्सटेक’ बरेच पुढे गेले. मात्र कोणत्या स्वरांमध्ये किती अंतर सोडायचे हे टाइप करणाऱ्यालाच सांगावे लागे, म्हणजे कारागिराची नजर पुन्हा माणसाकडेच मागितली जाई. लोकधुनांसाठी ख्रिस वॉलशॉ यांनी रचलेली ‘एबीसी’ लिपी इतकी साधी होती, की सरावाने ती थेट वाचून गाता येई.

हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन हे दोन डच तरुण आधी ‘म्युझिक्सटेक’साठी एक पूर्वसाधन लिहीत होते. ते सोडून १९९६ मध्ये त्यांनी ‘लिलीपाँड’ सुरू केले. त्याची १.० ही आवृत्ती १९९८ मध्ये आली. त्यातली लिहिण्याची रीत सरळ आहे: स्वराचे रोमन अक्षर, काळासाठी पुढे आकडा (चारचा आकडा म्हणजे पाव स्वर), वरच्या सप्तकासाठी उभी लहान खूण, खालच्यासाठी स्वल्पविराम. बाकीचे आज्ञावली पाहते.

हे ‘बाकीचे’ ठरवायला दोघांनी हाताने कोरलेल्या जुन्या आवृत्त्या बारकाईने न्याहाळल्या. १९५० सालची बेरेनरायटरची बाखच्या चेलो सुइट्सची प्रत त्यांच्या आवडत्या नमुन्यांपैकी होती. वर दांडी असलेल्या स्वरापुढे खाली दांडीचा स्वर आला, तर दांड्या जवळ येऊन जागा दाटलेली भासते. म्हणून तिथे अंतर किंचित वाढवायचे, आणि क्रम उलटा असेल तिथे कमी करायचे. मोजपट्टीला हे चूक वाटेल, पण डोळ्याला बरोबर वाटते. चिन्हांसाठी ‘फेटा’ नावाचा स्वतंत्र टंक घडवला गेला. तो ठसठशीत आणि गोलसर आहे, कारण पान वादकाला हातभर लांबून वाचायचे असते.

‘फिनाले’, ‘सिबेलियस’ यांसारख्या माउसच्या आज्ञावल्या शिकायला सोप्या असल्याने बाजार त्यांच्याकडेच राहिला. सुचेल तसे पडद्यावर पाहत रचना करणाऱ्याला त्या सोयीच्याही असतात. पण ‘फिनाले’च्या कंपनीने २०२४ मध्ये त्या आज्ञावलीचा विकास थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा जुन्या फायलींचे काय हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. मजकुराची फाईल निदान कोणत्याही संपादकात उघडते. लिलीपाँडचे व्याकरणही आवृत्तीगणिक बदलले आहे, आणि जुन्या फायली नव्या रूपात आणण्यासाठी एक वेगळे साधन सोबत दिले जाते. ‘म्युटोपिया’ प्रकल्पात स्वयंसेवकांनी हक्कमुक्त संगीत याच पद्धतीने जुळवून मूळ मजकुरासह सर्वांना मोफत खुले केले आहे.