मिरची : पाहुणी आली, घरची झाली

स्मरणिकेसाठी आपल्या चिटणीसबाईंनी माझ्याकडे फक्त एक पाककृती मागितली होती. लाल रंगाचा, परंतु पोरासोरांनाही खाता येईल असा सौम्य रस्सा मी करते, त्याची. लिहावयास बसले तेव्हा ध्यानात आले की, कृती दहा-बारा ओळींची आहे. पण तिच्यामागचा इतिहास पाचशे वर्षांचा आहे. म्हणून आधी इतिहास सांगते, कृती शेवटी देईन. मी सातवी शिकलेली बाई. सार्वजनिक वाचनालयातून आणलेली पुस्तके दुपारी वाचावीत, एवढाच माझा अभ्यास. तेव्हा भगिनींनी गोड मानून घ्यावे.

मिरचीवाचून स्वयंपाक ही कल्पनाच आज आपल्याला सहन होत नाही. परंतु आपल्या पांडवलेण्यांत जेव्हा लेख कोरले गेले, तेव्हा ह्या देशात एकही मिरची नव्हती. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. ह्या गोष्टीला सुमारे १९०० वर्षे झाली. त्या लेखात आपल्या जवळच्या गोवर्धनाचे नाव आहे, शूर्पारकाचे म्हणजे सोपाऱ्याचे आहे, आणि नारळाची झाडे दान दिल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे वाटणातला नारळ नाशिकच्या दगडावर कोरलेला आहे आणि मिरचीचा मात्र तेव्हा पत्ताच नव्हता.

मग लोक तोंडाला चव कशाने आणीत? मिरे, पिंपळी, आले, सुंठ, मोहरी आणि हिंग यांनी. वैद्यांचे त्रिकटू आपल्याला ठाऊक आहे. सुंठ, मिरे आणि पिंपळी. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत हे तीन तिखट पदार्थ आहेत, मिरची नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचविला. त्यात मांड्यांपासून पुरणपोळीसारख्या पदार्थापर्यंत पुष्कळ पक्वान्ने सांगितली आहेत. राजाच्या मुदपाकखान्यात काही कमी नव्हते, पण मिरची त्या राजालाही मिळाली नाही.

येथे आपल्या भजनी मंडळातल्या भगिनी मला अडवतील. अरणचे सावता माळी महाराज यांच्या नावावर जो भाजीचा अभंग आपण दर एकादशीला म्हणतो, त्यात कांदा, मुळा, लसूण यांच्याबरोबर मिरचीही आहे. महाराजांनी समाधी घेतली १२९५ साली. मिरची त्यानंतर दोनशे वर्षांनी समुद्र ओलांडून आली. तेव्हा तो शब्द मागाहून कोणा गाणाऱ्याच्या तोंडून आत आला असावा, किंवा त्याचा अर्थ मिरी असा घ्यावा लागेल. अभंग पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. मळ्यात जे जे पिकते ते सर्व देवाचेच रूप, असे म्हणताना पुढच्या माळ्याने आपल्या मळ्यातली नवी मिरचीही त्यात घातली असेल, तर भाव कोठे उणा झाला? उलट परकी मिरची आपली कशी झाली, याचा याहून सुंदर दाखला मला तरी सापडला नाही.

आता ती आली कोठून ते पाहू. मिरचीचे माहेर अमेरिका खंडात. मेक्सिको देशात ती हजारो वर्षांपासून लावतात. तेथील नाहुआ लोक तिला 'चिल्ली' म्हणत. इंग्रजीतले 'चिली' त्यावरूनच आले. १४९२ साली कोलंबस निघाला होता हिंदुस्थानचे मिरे शोधण्यासाठी. मिरे त्याला मिळाले नाहीत, मिरची मिळाली. ती जिभेला झोंबली म्हणून त्याने तिला मिऱ्याचेच नाव दिले. गंमत अशी की, आपणही तेच केले. संस्कृतात 'मरिच' म्हणजे मिरे, आणि त्याच घराण्यातले नाव आपण ह्या नव्या पाहुणीला दिले. पृथ्वीच्या दोन टोकांच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकच नाव ठेवावे, हे नवलच!

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले, १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली. ह्याच लोकांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यास लागली. मुंबईकडे एके काळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत, त्यावरून ती कोणत्या दारातून आत आली ते समजते. पुरंदरदासांच्या (१४८४-१५६४) नावावरच्या एका कन्नड पदात मिरचीचे वर्णन आहे. किनाऱ्यावरून घाट चढून ती देशावर आली आणि पुन्हा खाली उतरली नाही.

एका परक्या फळाने मिऱ्याला असे मागे का सारले? मला वाटते, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. मिऱ्याचा वेल मलबारच्या ओल्या हवेत वाढतो. देशावरच्या गरिबाला मिरे विकतच घ्यावे लागत, आणि ते महाग. मिरची मात्र परसात, सांडपाण्यावर, चार महिन्यांत येते. ओली खा, वाळवून वर्षभर डब्यात ठेवा. ज्या घरात भाकरीबरोबर लावावयास काही नाही, त्या घरात मिरची आणि मीठ वाटले की जेवण होते. राजाला जे मिरे परवडत होते, त्यांची जागा मोलकरणीच्या पाट्यावर मिरचीने भरून काढली. आपण लाल पुडीला नुसते 'तिखट' म्हणू लागलो, येथपर्यंत तिचे राज्य झाले.

एकटी मिरचीच आली असे नव्हे. बटाटा, रताळे, मका, भुईमूग, टोमॅटो आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद, हे सारे त्याच खंडातले. आपल्या एकादशीच्या ताटातील साबुदाण्याची खिचडी पाहा. साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाटा आणि मिरची, चारही जिन्नस परदेशी, आणि उपवास मात्र अस्सल आपला.

तरी जुना काळ अगदीच पुसला गेलेला नाही. बाळंतिणीचे ताट आठवावे. मिरे, सुंठ, ओवा, मेथ्या, डिंक, अळीव, मिरची नाही. काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात अजूनही मिरचीऐवजी मिरे घालतात. जेथे जपून वागावयाचे असते, तेथे आपण नकळत पाचशे वर्षे मागे जातो.

हे सगळे सांगण्यात माझा एक हेतू आहे. आपल्याकडे तिखट खाणे ही एक फुशारकी झाली आहे. 'एवढे तिखट सोसत नाही?' असे पाहुण्यालाही विचारतात. आमच्या सासूबाईंना पित्ताचा विकार जडला आणि डॉक्टरांनी तिखट बंद केले. तेव्हापासून त्या साडेअकराला एकट्याच वरणभात जेवून उठत. पुढे आमची पंगत बसे आणि त्या ओसरीवर वाती वळीत बसत. कोणी त्यांना उठविले नव्हते. पण वेगळे ताट झाले की माणूसही हळूहळू वेगळे होते. अशी माणसे घरोघर आहेत. म्हातारी आहेत, लहान मुले आहेत, आजारातून उठलेली आहेत. त्यांना आपण पांढरे जेवण देतो आणि लाल रस्सा आपण खातो.

ह्यावर तोड मला मेक्सिकोत सापडली. माझी भाची अमेरिकेत टेक्सास प्रांतात असते. तिने तिकडच्या 'एन्चिलाडा' नावाच्या पदार्थाविषयी लिहिले. ह्या शब्दाचा अर्थच 'मिरची लावलेली'. मक्याची पातळ भाकरी मिरचीच्या लाल रश्श्यात बुडवावयाची, आत काही सारण घालून गुंडाळावयाची. १८३१ साली मेक्सिकोत छापलेल्या पाकपुस्तकात हा पदार्थ आहे. त्या बायकांची रीत वाचून मला हसूच आले. मिरच्या तव्यावर जराशा भाजावयाच्या, गरम पाण्यात भिजवावयाच्या, पाट्यावर वाटावयाच्या आणि वाटण परतावयाचे. त्यांचा तवा 'कोमाल' आणि पाटा 'मेताते', एवढाच फरक. परंतु एक गोष्ट त्या आपल्यापेक्षा अधिक नेमाने करतात. रश्श्यासाठी त्या कमी तिखट जातीची मिरची निवडतात आणि आतील बिया व शिरा काढून टाकतात.

याचे कारण शास्त्रात आहे. मिरचीचा तिखटपणा सालीत फारसा नसतो. बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात, त्या शिरांत असतो. त्या द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. लाल रंग मात्र सालीत असतो आणि तो तेलात उतरतो. म्हणजे रंग आणि तिखटपणा ही दोन निरनिराळी बिऱ्हाडे आहेत. एक ठेवून दुसरे घालविता येते. १९१२ साली स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधतज्ज्ञाने तिखटपणा मोजण्याची युक्ती काढली. साखरेच्या पाण्यात मिरचीचा अर्क किती पातळ केला म्हणजे झोंबणे थांबते, हे तो चाखणाऱ्यांना विचारी. मिरची जिभेला भाजल्यासारखी का वाटते, याचा शोध डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली लावला. २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले त्यांत ते होते. उष्णता ओळखणारी जी मज्जातंतूंची दारे असतात, तीच कॅप्सेसिनने उघडतात. पक्ष्यांची ती दारे कॅप्सेसिनने उघडत नाहीत, म्हणून पोपट खुशाल मिरची खातो.

आपल्याकडे ह्या कामास उत्तम मिरची म्हणजे बेडगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात ब्याडगी गाव आहे, त्यावरून हे नाव. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. ती सुरकुतलेली, गडद लाल आणि बेताची तिखट असते. लवंगी ह्या कामाची नव्हे. संकेश्वरीही घरातल्या काळ्या मसाल्यासाठीच राखून ठेवावी.

आता कृती. चार-पाच माणसांसाठी बेडगी मिरच्या १०, पिकलेले टोमॅटो २, मध्यम कांदा १, लसणीच्या पाकळ्या ४, जिरे अर्धा चमचा, कणीक १ चमचा, तेल २ मोठे चमचे, गुळाचा लहान खडा आणि मीठ.

मिरच्यांचे देठ काढून त्या उभ्या चिराव्यात. बिया झटकाव्यात आणि पांढऱ्या शिरा सुरीच्या टोकाने खरवडून काढाव्यात. हाताला तेल लावून हे काम करावे आणि नंतर डोळ्यांना हात लावू नये. मंद आचेवर मिरच्या फक्त वास सुटेपर्यंत परताव्यात. काळ्या पडल्या तर रस्सा कडू होतो. मग गरम पाण्यात अर्धा तास भिजत घालाव्यात. तोवर कांदा, लसूण आणि टोमॅटो थोड्या तेलात मऊ होईपर्यंत परतून जिरे घालावे. निवल्यावर सर्व एकत्र अगदी गंधासारखे वाटावे आणि गाळून घ्यावे, म्हणजे साली जिभेला लागत नाहीत. राहिलेल्या तेलात कणीक बदामी भाजावी, वाटण घालून पाच मिनिटे परतावे. तेल लाल होऊन कडेला येते. मग दोन वाट्या पाणी, मीठ, गूळ घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळू द्यावे. पळीला चिकटून राहील इतपत दाट झाला की रस्सा झाला.

मक्याची किंवा कणकेची पातळ पोळी ह्यात बुडवावी, आत मटकीची उसळ किंवा बटाट्याची भाजी घालून गुंडाळी करावी आणि वरून आणखी रस्सा ओतावा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. ज्यांना डॉक्टरांनी मिरची व टोमॅटो मुळीच वर्ज्य केले असतील, त्यांनी मात्र विचारूनच खावा.

घरात ज्यांना झणझणीत हवे त्यांच्यासाठी वेगळी तर्री करून वाटीत ठेवावी. आपल्या नाशिकच्या मिसळीची हीच तर रीत आहे. रस्सा आणि तर्री वेगळी, ज्याने त्याने आपल्या सोसण्याप्रमाणे घ्यावी. मी गेली तीन वर्षे घरात तसेच करते. पातेले एक, पंगत एक, आणि तिखटाची वाटी मध्ये. सासूबाई आता आमच्याबरोबर जेवतात. पहिल्या दिवशी ताटाकडे पाहून त्या म्हणाल्या, "आज ताटाला रंग आला ग." मला ती मोठी शाबासकी वाटली.

तेव्हा भगिनींनो, तिखट न सोसणारे माणूस कच्चे, हा समज आपण सोडून द्यावा. मिरची ज्यांनी कधी पाहिली नाही, त्या लोकांनीच आपली लेणी खोदली आणि आपले अभंग रचले. मिरचीला आपण नाव दिले, घर दिले, देवाच्या गाण्यातही बसविले. आता तिने घरातल्या कोणालाही पंगतीतून उठवू नये, एवढे पाहणे आपल्याच हाती आहे.