पाटीवरच्या रेघा

बासरला ज्ञानसरस्वतीपुढे मुलांचा अक्षराभ्यास होतो. तिथं एक आई पोराचा अशक्त हात धरून पाटीवर रेघा ओढत होती. आजार जन्मजात, आनुवंशिक. "काय उपयोग?" कुणीतरी पुटपुटलं.

उत्तर मला फ्रान्सचा चित्रकार तुलूझ-लोत्रेक याच्या आयुष्यात सापडलं. त्याचे आईवडील सख्खे मावसभाऊ-मावसबहीण. १८७८-७९ मध्ये त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडं मोडली, पायांची वाढ खुंटली. अंथरुणावर तो चित्रं काढत राहिला. हा हाडांचा दुर्मिळ आनुवंशिक आजार असावा, असं डॉक्टरांनी १९६५ मध्ये मांडलं. चित्रांनी हाडं सांधली नाहीत. पण पडून काढायचे दिवस त्याचे स्वतःचे झाले.

भगिनींनो, 'पूर्वकर्म' म्हणून आपण मोकळ्या होतो. पण वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हेही आपल्याकडे तपच मानलंय. आजारी लेकरापुढं रंगाची पेटी ठेवणं त्यातच आलं.