घरची दारू: घरी केल्याने पिणे वाढते का?

मोहाच्या फुलांची हातभट्टी असो की हौसेने केलेली जांभळाची वाइन, ‘घरचीच आहे’ म्हणून ती हिशेबात धरली जात नाही. धोका इथेच सुरू होतो.

थोडक्यात उत्तर

घरी दारू करणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. पण घरी केलेली दारू कायम हाताशी असते, ती किती कडक आहे हे माहीत नसते आणि ती मोजून प्यायली जात नाही. या तीन कारणांमुळे पिणे वाढते, आणि वाढले आहे हे घरच्यांच्या उशिरा लक्षात येते. यकृताला मात्र दारू घरची की दुकानातली, हा फरक कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते अल्कोहोलच.

‘दारू नाही हो, घरचीच घेतात’

टोकावड्याच्या परिसरात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायला सगळे घर बाहेर पडते. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. त्यामुळे ती खायला चांगली, विकायला चांगली आणि आंबवायलाही सोपी. मुरबाड-शहापूरच्या अनेक पाड्यांवर लग्न, सण आणि देवकार्याला मोहाची दारू लागते. तिला लोक ‘दारू’ म्हणतीलच असे नाही.

हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी आवणीच्या दिवसांत बांधावरून घसरून मांडीचे हाड मोडलेले पन्नाशीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. मोठ्या दवाखान्यात पाठवताना मी विचारले, “दारू पिता का?” ते “नाही” म्हणाले. मी चिठ्ठीवर तसेच लिहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. वडिलांचे हात थरथरत होते, ते सलाईन ओढून काढत होते, भिंतीवर माणसे दिसतात म्हणत होते. घरच्यांना वाटले, बाहेरचे काही लागले. मी त्यांच्या पत्नीला विचारले, “घरची घेतात का?” “हो, ती रोजचीच. संध्याकाळी दोन गिलास. पण दारू नाही पीत हो ते.”

रोजची दारू अचानक बंद झाल्यामुळे तो त्रास झाला होता. वेळेवर उपचार मिळाले, ते वाचले. आधी कळले असते तर पहिल्या दिवसापासूनच औषधे सुरू करता आली असती. तेव्हापासून मी ‘दारू पिता का?’ एवढ्यावर थांबत नाही. ‘घरची, मोहाची, ताडी, बिअर यातले काय घेता? किती? काल किती घेतली?’ असे विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही हे आपणहून सांगा, विशेषतः ऑपरेशनच्या आधी.

घरी केल्याने पिणे का वाढते?

- ती हाताशी असते. दारू जितकी सहज मिळते तितकी जास्त प्यायली जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना दारूच्या उपलब्धतेवर मर्यादा घालण्याचा सल्ला देते. दुकान बंद होते, दूर असते, तिथे जायला पैसे लागतात. घरातल्या कॅनला यातले काहीच आड येत नाही.
- खर्च दिसत नाही. फुले जंगलातली, सरपण जंगलातले. खिशातून पैसे जात नसल्याने ‘आज पुरे’ म्हणायला निमित्त उरत नाही.
- चाखण्यात मोजणी हरवते. भट्टी लावणारा धार चाखतो, वाइन करणारा दर आठवड्याला ‘जमली का’ ते पाहतो. हे घोट कोणी धरत नाही.
- साठा एकदम तयार होतो. वीस लिटर तयार झाली की ती खराब होण्याआधी संपवायची घाई होते आणि मित्रमंडळीही जमते.
- शुद्धतेचा समज. ‘फुलांची आहे, केमिकल नाही’ या भरवशावर माणूस दुसरा ग्लास घेतो. पण दारूतला सगळ्यात घातक पदार्थ म्हणजे अल्कोहोल, आणि तो नैसर्गिकच असतो.

याची दुसरी बाजूही खरी आहे. वर्षातून दोन-तीन प्रसंगांनाच दारू करणारी, एरवी तिला हात न लावणारी घरे मी पाहिली आहेत. कधी, कोणासाठी आणि किती करायची हे तिथे ठरलेले असते. प्रसंगाची दारू रोजच्या संध्याकाळची झाली की ही मर्यादा सुटते.

एम्स, दिल्लीच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू घेतात. ५.२ टक्के लोकांचे पिणे उपचारांची गरज पडावी इतके बिघडलेले आहे. म्हणजे पिणाऱ्या साधारण तिघांपैकी एकाचे. आपण उरलेल्या दोघांत आहोत असे प्रत्येकालाच वाटते.

ग्लास एक, दारू वेगळी

‘पहिल्या धारेची’ हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. भट्टीतून सुरुवातीला गळणारी दारू सगळ्यात कडक असते, पुढे ती सौम्य होत जाते. त्यामुळे एकाच भट्टीच्या दोन ग्लासांत दुपटीचा फरक असू शकतो.

हिशेब सोपा आहे. दारूचे मिलिलिटर गुणिले अल्कोहोलची टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.८. हे झाले अल्कोहोलचे ग्रॅम. भारतात १० ग्रॅम म्हणजे एक युनिट धरतात.

- व्हिस्की किंवा रम, ३० मिली: १ युनिट
- क्वार्टर, १८० मिली: ६ युनिट
- साधी बिअर (५ टक्के), ६५० मिली: सुमारे अडीच युनिट
- स्ट्राँग बिअर (८ टक्के), ६५० मिली: ४ युनिट
- घरची वाइन (१२ टक्के धरली तर), २०० मिलीचा ग्लास: २ युनिट
- गाळलेली दारू (२० टक्के धरली तर), २०० मिली: ३ युनिट
- गाळलेली दारू (४० टक्के धरली तर), २०० मिली: ६ युनिट

एका बैठकीत ६० ग्रॅम, म्हणजे ६ युनिट, याला जागतिक आरोग्य संघटना ‘अति मद्यपान’ म्हणते. पहिल्या धारेचा एक मोठा ग्लास तिथपर्यंत नेतो. माझ्याकडे आलेल्या त्या शेतकऱ्यांचे ‘दोन गिलास’ म्हणजे रोज किती झाले, हे आता तुम्हीच मोजा.

हौशी वाइन आणि बिअर सुरक्षित आहे का?

शहरातून येऊन इथे फार्महाऊस बांधलेले काही जण जांभूळ-करवंदाची वाइन करतात. नुसते आंबवलेले पेय गाळलेल्या दारूपेक्षा सौम्य असते, हे खरे. कारण अल्कोहोल साधारण १२ ते १५ टक्क्यांवर गेले की बहुतेक यीस्टचे काम थांबते. पण सौम्य पेय मोठ्या ग्लासाने घेतले की हिशेब तिथेच येतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या तुमच्या भाच्याला बिअर घरी करण्याची मुभा आहे. तिथला केंद्रीय कायदा दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करू देतो. ती सगळी दोघांनीच प्यायली तर प्रत्येकी रोज ४ युनिट होतात. कायद्याची मर्यादा ही तब्येतीची मर्यादा नसते. दारूचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय कोणतीही दारू तयार करणे हा गुन्हा आहे. हातभट्टी असो वा हौसेची वाइन.

विषारी दारूचे काय?

जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तिथे कारण होते मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरला जाणारा अल्कोहोल. फुले-फळे आंबवताना मिथेनॉल अगदी थोडे तयार होते. मोठ्या दुर्घटना सहसा बाहेरून मिसळलेल्या मिथेनॉलमुळे होतात. म्हणून दारू कोणाच्या हातून आली हे माहीत नसेल, तर ‘गावठी आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

काडी लावून पेटली म्हणजे शुद्ध, हा समज चुकीचा आहे. मिथेनॉलही पेटते.

प्यायल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पोटदुखी, उलट्या, धाप, धुके पडल्यासारखे अंधुक दिसणे, ही लक्षणे दिसली तर ‘उतरेल’ म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. सोबत प्यायलेल्या इतरांनाही बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्या. लवकर उपचार झाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

स्वतःला विचारा

१. आधीची संपायच्या आत पुढची भिजत घालता का?
२. पूर्वीइतकी घेतल्यावर आता काहीच होत नाही, असे वाटते का?
३. कमी करायचे ठरवून जमले नाही, असे झाले आहे का?
४. घरच्यांनी विषय काढला की राग येतो का?
५. सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात का?
६. दारूमुळे कामाचा खाडा, भांडण किंवा अपघात झाला आहे का?

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांशी बोला. पाचव्याचे ‘हो’ असेल तर लगेच.

कमी कशी करावी?

सकाळी थरथर होत नसेल, रोजची सवय नसेल, तर पुढील गोष्टी मदत करतात.

- घरात साठा ठेवू नका. सगळ्यात जास्त फरक याने पडतो.
- ग्लासात ओतण्याआधी मापाने मोजा आणि कॅलेंडरवर आकडा लिहा. चाखलेलेही धरा.
- रिकाम्या पोटी किंवा दिवसभराच्या शेतकामानंतर तहान भागवायला घेऊ नका. आधी पाणी, मग जेवण.
- मोहाची फुले लाडू आणि भाकरीत वापरा किंवा वाळवून विका.

रोज पीत असाल तर एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम आणि धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे सुरक्षितपणे पार करता येते. यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. गरज पडली तर तिथून ठाण्याला पाठवतात.

गरोदर स्त्रिया, मुले, क्षयरोगाच्या गोळ्या चालू असलेले, कावीळ झालेले, फिट येणारे आणि मधुमेहाची औषधे घेणारे यांनी दारू अजिबात घेऊ नये. सर्दीवर मुलांना चमचाभर किंवा बाळंतिणीला ‘ताकदीसाठी’ देऊ नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याला न सांगता जेवणातून पावडर देऊ का?
नाही. अशा पावडरीत डायसल्फिराम असू शकते. ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे.

देवकार्याला घोटभर घ्यावीच लागते. काय करू?
ज्यांचे व्यसन सुटले आहे त्यांनी ओठालाही लावू नये. जमिनीवर धार सोडून, हात जोडून मान राखता येतो. गावातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. बहुतेक जण समजून घेतात.

यकृत बिघडले हे कसे कळेल?
सुरुवातीला कळत नाही. भूक मंदावणे, पायावर सूज, पोट फुगणे, डोळे पिवळे होणे ही उशिराची लक्षणे आहेत. रोज पिणाऱ्यांनी त्रास नसतानाही रक्ताची तपासणी करून घ्यावी. सुरुवातीच्या टप्प्यात दारू थांबवली तर यकृत बरेचसे सावरते.

मदत कुठे मिळेल?
टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६ या क्रमांकांवर मोफत बोलता येते. पीत नसलेल्या घरच्या माणसांनीही फोन केला तरी चालतो.

आज रात्री एकच करा. नेहमीचा ग्लास घ्या, त्यात नेहमीइतके पाणी ओता आणि ते औषधाच्या मापाने मोजा. जो आकडा येईल तो पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा. त्यावरून आम्हाला तुमच्यासाठी बरेच काही करता येते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*