शाळेशिवाय वाढताना

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं तर शिकवायचं कशावरून? अमेरिकेतल्या जॉन होल्टने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो.

होल्ट शाळेत शिक्षक होता. पाचवीच्या मुलांना शिकवताना केलेल्या टिपणांतून १९६४ मध्ये त्याचं 'हाऊ चिल्ड्रन फेल' आलं आणि गाजलं. आता शाळा सुधारतील, असं त्याला वाटलं. कसल्या सुधारतायत! मग ऑगस्ट १९७७ मध्ये बॉस्टनहून त्याने स्वतःच एक छोटं वार्तापत्र सुरू केलं, 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग'.

गंमत म्हणजे लेखक एवढा नावाजलेला, पण अंक भरायचे ते पालकांच्या पत्रांनी! पोरगी वाचायला कशी लागली, गणितात गाडी कुठे अडली, शाळा खात्याला काय उत्तर दिलं... आम्ही आयटीवाले ज्याला ओपन सोर्स म्हणतो, तेच हे लोक टपालाने करत होते.

यातलं खात्याला दिलेलं उत्तर फार मोलाचं. कारण तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना घरी शिकवणं म्हणजे कोर्टाची पायरी चढायची तयारी. १९७८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टचं एक कुटुंब असंच लढलं आणि कोर्टाने पालकांचा हक्क मान्य केला. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरचं शिक्षण कायदेशीर झालं.

होल्ट १९८५ मध्ये गेला. वार्तापत्र मात्र २००१ पर्यंत चाललं, तब्बल १४३ अंक! पाठ्यपुस्तकं बाजारात तेव्हाही मिळत होतीच की. पण 'आमच्याकडे असं झालं' हे सांगणारं दुसरं घर कुठल्या दुकानात मिळणार?