सोलापुरातला छोटा इंटरनेटवाला हवी ती मशीन का घेऊ शकत नाही?

जुळे सोलापूर असो की विडी घरकुल, घरापर्यंत फायबर आणून देणारा माणूस अनेकदा आपला जुना केबलवालाच असतो. त्याचा सगळा धंदा ‘ओएलटी’ नावाच्या एका यंत्रावर चालतो. तुमच्या भिंतीवरचा डबा म्हणजे ‘ओएनटी’, आणि असे शेकडो डबे ज्या एका पेटीला जोडलेले असतात ती ओएलटी.

ओएलटीच्या एका पोर्टमधून निघालेली फायबर स्प्लिटरने फोडून ६४ घरांपर्यंत नेता येते. आठ पोर्ट असतील तर ५१२ घरे. जीपॉन प्रकारात एका पोर्टची डाउनलोड क्षमता साधारण २.५ जीबीपीएस असते. चौसष्टही घरांनी एकाच वेळी पूर्ण वापर केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३९ एमबीपीएस येतात. जुन्या, स्वस्त ईपॉनमध्ये त्याच्याही निम्मे. त्यामुळे मॅचच्या वेळी नेट अडकले की ‘वरूनच प्रॉब्लेम आहे’ हे उत्तर दर वेळी खरे असतेच असे नाही.

मग तो मोठी मशीन का घेत नाही? पैसा हे एक कारण झाले. दुसरे कारण सरकारी नियमांत आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने दूरसंचार क्षेत्रासाठी राष्ट्रीय सुरक्षा निर्देश मंजूर केला. त्यानुसार १५ जून २०२१ पासून परवानाधारक कंपनीला नेटवर्कमध्ये फक्त ‘विश्वासार्ह स्रोता’कडून आलेली उपकरणे जोडता येतात. आधीपासून बसवलेली मशीन काढून टाकण्याची सक्ती नाही, तिची देखभालही चालू ठेवता येते. खरी अडचण वाढ करताना येते. जुन्या, यादीत नसलेल्या मशीनवर नेटवर्क वाढवायचे असेल तर परवानगी मागावी लागते. म्हणजे ३०० ग्राहक आहेत तोवर ठीक, पुढच्या कॉलनीत जायचे म्हटले की कागदपत्रे सुरू!

परवान्याचीही एक गंमत आहे. युनिफाइड लायसन्सच्या पद्धतीत इंटरनेट कंपन्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग. ‘अ’ला देशभर परवानगी, ‘क’ला साधारण एका जिल्ह्याएवढ्या भागात. पण अनेक केबलवाल्यांकडे यातला कुठलाच परवाना नसतो, ते मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतात. सुरक्षेच्या नियमाची जबाबदारी परवानाधारकावर असल्यामुळे कोणती ओएलटी चालेल हे तीच कंपनी सांगते. मशीनचे पैसे मात्र अनेकदा केबलवाल्याच्या खिशातून जातात.

याशिवाय टीईसी या सरकारी संस्थेचे सक्तीचे चाचणी प्रमाणपत्र लागते. ही योजना २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. प्रमाणपत्र उत्पादक किंवा आयातदार घेतो, तेही मॉडेलनुसार. आता हिशेब बघा: चाचणीचा तोच खर्च दोन लाख डब्यांवर वाटला तर एका डब्यामागे नगण्य होतो, दोनशे डब्यांवर वाटला तर चांगलाच जाणवतो. लाखांत ऑर्डर देणारी कंपनी थेट कारखान्याशी बोलते. सोलापूरचा, बार्शीचा किंवा सांगोल्याचा ऑपरेटर वितरकाकडे जे मॉडेल शिल्लक असेल ते उचलतो.

सुरक्षेची काळजी चुकीची नाही. घराघरांतला डेटा ज्या यंत्रातून जातो ते कोणी बनवले, हे सरकारने विचारायलाच हवे. पण देशभर पसरलेली कंपनी आणि एका तालुक्यातला ऑपरेटर यांना एकाच मापाने मोजले की ओझे लहानावर जास्त पडते.

ग्राहक म्हणून तुमचा संबंध कुठे येतो? कनेक्शन घेताना विचारा: जीपॉन की ईपॉन, एका पोर्टवर किती घरे, आणि ओएनटी तुमचा की कंपनीचा. ओएनटी कंपनीने लॉक केलेला असला तर कनेक्शन बदलल्यावर तो दुसऱ्याकडे बहुधा चालत नाही. तेव्हा त्याचे पैसे डिपॉझिट म्हणून घेतले की किंमत म्हणून, हे पावतीवर लिहून घ्या.