मुंबईतील अर्भकमृत्यू व जन्मनोंदणी

मुंबईत १९२१ मध्ये दर हजार नोंदित जन्मांमागे ६६० हून अधिक अर्भके दगावली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण ८२८ होते. मात्र हे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. अनेक कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा देशावर आपल्या गावी जात. जन्माची नोंद झालीच तर तेथे होई. परतल्यावर मूल दगावले, तर मृत्यू मुंबईच्या दप्तरी चढे. त्यामुळे प्रमाण फुगे. तथापि नोंदणीतील या दोषाने मृत मुलांची संख्या कमी होत नाही. दाटीच्या चाळी आणि आई गिरणीत असताना मूल निजून राहावे म्हणून दिली जाणारी अफूची बाळगोळी, ही कारणे खरीच होती. स्त्रीकामगारांना प्रसूतिसाहाय्य देणारा मुंबई प्रांताचा कायदा १९२९ मध्ये झाला.